डिप्लोमसी: पट, पंच आणि प्रतिस्पर्धी

बुद्धिबळ संगणकावर आणायचं म्हटलं तर कामांची यादी छोटी आहे. चौसष्ट घरं काढायची, कोणती सोंगटी कशी चालते ते लिहायचं, कॅसलिंगसारखे दोन-चार अपवाद सांभाळायचे. एवढं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असाइनमेंट म्हणून देता येतं. खरी मेहनत पुढे, चांगला प्रतिस्पर्धी बनवताना लागते. म्हणून यंत्रं आणि खेळ हा विषय निघाला की गप्पा लगेच प्रतिस्पर्ध्याकडे वळतात: डीप ब्लू, अल्फागो, कोण कोणाला हरवलं. आमच्या पॉडकास्टवरही तेच झालं.

पण पटावरचा खेळ संगणकावर नेताना खरं तर तीन गोष्टी न्याव्या लागतात. पट, पंच आणि प्रतिस्पर्धी. बुद्धिबळात मधला पंच जवळपास अदृश्य असतो, म्हणून तो आपल्या लक्षातच येत नाही. एक खेळ असा आहे की ज्यात तिन्ही गोष्टींनी प्रोग्रामर लोकांना अनेक दशकं वेगवेगळ्या कारणांनी छळलंय. त्याचं नाव डिप्लोमसी. मी पोस्टडॉक म्हणून जे काम करते त्यात अनेक प्रोग्राम एकमेकांशी वाटाघाटी करतात, त्यामुळे हा खेळ माझ्या टेबलावर नेहमीच असतो. तुम्ही तो खेळला नसाल असं धरून सुरुवातीपासून सांगते.

खेळ काय आहे

ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने हार्वर्डमध्ये शिकताना पहिल्या महायुद्धाच्या कारणांबद्दल वाचलं, आणि १९५४ च्या सुमारास त्यावरून एक खेळ रचला. कोणी प्रकाशक मिळेना, तेव्हा १९५९ मध्ये स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढल्या. पुढे हा माणूस इलिनॉयमध्ये टपाल वाटायचं काम करत राहिला आणि त्याचा खेळ जगभर गेला.

पटावर १९०१ सालचा युरोप आहे. सात खेळाडू, सात सत्ता: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली, रशिया, तुर्कस्तान. नकाशावर ३४ केंद्रं आहेत. जितकी केंद्रं तुमच्या ताब्यात, तितक्या तुकड्या तुम्हाला ठेवता येतात. प्रत्येकाला सुरुवातीला तीन तुकड्या, रशियाला चार, म्हणजे एकूण २२. ज्याच्याकडे १८ केंद्रं आली तो जिंकला.

फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला जागाच नाही. जमिनीवर सैन्य आणि समुद्रात आरमार, पण प्रत्येक तुकडीची ताकद बरोब्बर एक. एकाने एकावर हल्ला केला तर काहीच होत नाही, दोघं आपापल्या जागी. मग पुढे सरकायचं कसं? पाठिंब्याने. समजा फ्रान्सचं सैन्य बर्गंडीत आहे आणि त्याला म्युनिकमधल्या जर्मन सैन्याला हुसकावायचंय. एकट्याने जमणार नाही. पण शेजारच्या टिरोलमध्ये इटलीचं सैन्य आहे. इटलीने आपल्या कागदावर ‘बर्गंडीच्या म्युनिकवरच्या हल्ल्याला पाठिंबा’ असं लिहिलं की दोन विरुद्ध एक, आणि जर्मन सैन्य बाहेर.

महाराष्ट्राचं राजकारण बघत मोठ्या झालेल्या माणसाला हा नियम पाच मिनिटांत कळतो. पुढचाही कळतो: पाठिंब्याचं आश्वासन कोणावरही बंधनकारक नाही. प्रत्येक फेरीच्या आधी खेळाडू उठतात, दोघादोघांत कोपऱ्यात जाऊन बोलतात, शपथा घेतात. मग प्रत्येक जण आपले हुकूम गुपचूप कागदावर लिहितो आणि सगळे कागद एकाच वेळी उघडतात. इटलीने काय कबूल केलं होतं आणि काय लिहिलं, हे फ्रान्सला तेव्हाच कळतं. पहाटे टीव्ही लावल्यावर शपथविधी दिसावा, तसं.

पंचाची डोकेदुखी

आता यातला पंच संगणकाला बनवायचं आहे. बुद्धिबळात एकाची खेळी झाली की मग दुसऱ्याची. इथे वीस-तीस हुकूम एकदम अमलात येतात आणि एकमेकांवर अवलंबून असतात. इटलीचा पाठिंबा चालेल का? टिरोलवर दुसऱ्या कोणी हल्ला केला तर तो पाठिंबा तुटतो. समजा व्हिएन्नाहून ऑस्ट्रियाने टिरोलवर हल्ला केला. हल्ला यशस्वी झाला नाही तरी पाठिंबा गेला, फ्रान्सचा डाव फसला. म्हणजे म्युनिकचं उत्तर टिरोलवर, टिरोलचं व्हिएन्नावर. एकाचा निकाल लावायला दुसऱ्याचा आधी लावावा लागतो. प्रोग्रामिंग केलेल्या कोणालाही इथे रिकर्शन सुचेल: प्रत्येक हुकूम स्वतःचा निकाल काढताना ज्यांच्यावर तो अवलंबून आहे त्यांना विचारेल.

चांगली कल्पना आहे, फक्त ती वर्तुळात अडकते. तीन तुकड्या घ्या. अंकारा निघाली कॉन्स्टँटिनोपलला, कॉन्स्टँटिनोपल निघाली स्मर्नाला, स्मर्ना निघाली अंकाराला. अंकारा विचारते, कॉन्स्टँटिनोपल रिकामं होतंय का? ती म्हणते, स्मर्ना रिकामं झालं तर. स्मर्ना म्हणते, अंकारा रिकामं झालं तर. प्रोग्राम गोल गोल फिरत मरतो. टेबलाभोवतीच्या माणसांना मात्र यात काहीच अवघड वाटत नाही. तिघांना एकदम सरकवतात आणि चहा प्यायला लागतात. आता याच वेळी बल्गेरियातून कोणी एकट्याने कॉन्स्टँटिनोपलवर हल्ला केला तर? तिथे अंकारा आणि बल्गेरियाची बरोबरी होते, कोणीच आत जात नाही, आणि अख्खं वर्तुळ जागच्या जागी थांबतं.

इथवर ठीक. खरी मेख समुद्रात आहे. आरमार एखाद्या सैन्याला समुद्र ओलांडून नेऊ शकतं. या वाहतुकीत असलेल्या आरमारावर नुसता हल्ला झाला तर वाहतूक थांबत नाही, पण आरमार हुसकावलं गेलं तर थांबते. आता हा प्रसंग बघा:

फ्रान्सचं सैन्य ब्रेस्तहून लंडनवर निघालंय, इंग्लिश खाडीतलं फ्रेंच आरमार त्याला नेतंय. इंग्लंडचं वेल्समधलं आरमार त्याच खाडीवर हल्ला करतंय आणि लंडनमधलं आरमार वेल्सला पाठिंबा देतंय.

समजा फ्रेंच सैन्य लंडनला पोचलं. मग लंडनवर हल्ला झाला, लंडनचा पाठिंबा तुटला, वेल्स एकटं पडलं, खाडीतलं आरमार टिकलं. म्हणून सैन्य पोचलं. सगळं जुळतं. आता उलट समजा: सैन्य पोचलं नाही. मग लंडनचा पाठिंबा शाबूत, दोनास एक, खाडीतलं आरमार हुसकावलं, वाहतूक मोडली. म्हणून सैन्य पोचलं नाही. हेही सगळं जुळतं! एकाच कागदांची दोन उत्तरं, दोन्ही आपापल्या जागी बिनचूक.

याहून वाईट प्रकार म्हणजे पँडिनचा विरोधाभास. वरच्या प्रसंगात जर्मनीला आणा. बेल्जियममधलं जर्मन आरमारही इंग्लिश खाडीवर हल्ला करतंय आणि उत्तर समुद्रातलं जर्मन आरमार त्याला पाठिंबा देतंय. लंडनचा पाठिंबा टिकला असं धरा: वेल्स दोन, बेल्जियम दोन, बरोबरी, खाडीत कोणीच शिरत नाही, फ्रेंच आरमार तिथेच राहतं. म्हणजे सैन्य लंडनवर पोचतं आणि लंडनचा पाठिंबा तोडतं. पण आपण तर टिकला असं धरलं होतं. बरं, तुटला असं धरा: वेल्स एक, बेल्जियम दोन, जर्मन जिंकले, फ्रेंच आरमार बाहेर, वाहतूक मोडली, लंडनवर कोणी आलंच नाही. मग पाठिंबा तुटला कसा? इथे एकही उत्तर जुळत नाही. ‘मी खोटं बोलतोय’ या वाक्यासारखं.

नियमपुस्तकात पुढे यासाठी एक कलम आलं: आरमारातून येणारं सैन्य, त्याच आरमारावरच्या हल्ल्याला दिलेला पाठिंबा तोडू शकत नाही. वरची दोन्ही कोडी त्याने सुटतात. पण दोन वेगवेगळ्या वाहतुका एकमेकींत गुंतल्या की त्या कलमालाही बगल देता येते आणि गाठ परत बसते. सायमन शिकमन यांच्या नावाने ओळखला जाणारा तोडगा अगदी रोखठोक आहे: असा पेच पडला की समुद्रावरून येणारं सैन्य निघालंच नाही असं समजा, त्याने कोणाचा पाठिंबा तोडला नाही असं समजा, आणि पुढे चला.

हॉलंडच्या लुकास क्रुइस्वाइक यांनी असे शेकडाभराहून जास्त प्रसंग एकत्र करून एक चाचणी-संच बनवला. आज कोणी डिप्लोमसीचा पंच लिहिला की तो या संचावर तपासतात. निवाड्याची त्यांची पद्धतही सुंदर आहे. जिथे वर्तुळ सापडेल तिथे एक हुकूम यशस्वी झाला असं धरून बघायचं, मग फसला असं धरून बघायचं. एकच उत्तर जुळलं तर तेच घ्यायचं. दोन्ही जुळली किंवा एकही जुळलं नाही, तर वर्तुळ कसलं आहे ते पाहायचं. वर अंकाराच्या वर्तुळातही दोन उत्तरं जुळतात, सगळे सरकले किंवा सगळे थांबले, आणि तिथे सगळे सरकतात असं ठरलेलं आहे. समुद्राचं वर्तुळ असेल तर शिकमनचा तोडगा.

यातून मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. हे विरोधाभास संगणकाने निर्माण केले नाहीत. नियमांत ते होतेच. पण टेबलावर असा प्रसंग क्वचित यायचा, आला तर लोक भांडून, नाणं उडवून किंवा ज्याच्या घरी खेळ चाललाय त्याचं ऐकून मोकळे व्हायचे. पंच प्रोग्राम असला की ही सोय जाते. त्याला प्रत्येक फटीचं उत्तर आधी लिहून द्यावं लागतं. क्रिकेटमध्ये डीआरएस आल्यावर ‘अंपायर्स कॉल’ किती टक्के चेंडूला द्यायचा हे कोणाला तरी ठरवावंच लागलं, तोच प्रकार. माणसांच्या कोणत्याही व्यवहाराचं संगणकीकरण करताना सगळ्यात आधी हेच बाहेर पडतं: आजवर काय काय आपण नुसतं ‘बघून घेऊ’ म्हणून चालवत होतो.

टपालाने, मग ईमेलने

सात माणसं सहा-सात तास एका खोलीत बसवणं तेव्हाही कठीण होतं. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमन यांनी ‘ग्राउस्टार्क’ नावाचं पत्रक काढून टपालाने डाव सुरू केला. खेळाडू एकमेकांना पत्रं लिहायचे, हुकूम बोर्डमनना पाठवायचे, ते निवाडा करून निकाल छापायचे. एक डाव वर्ष-दोन वर्षं सहज चालायचा. अशी पत्रकं पुढे भरपूर निघाली. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी केन लो यांनी ‘जज’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याला ईमेलने हुकूम पाठवा, तो निवाडा करून सगळ्यांना कळवेल, आणि खेळाडूंचे एकमेकांसाठीचे निरोपही पोचवेल.

म्हणजे पट गेला, पंच गेला, प्रतिस्पर्धी माणूसच राहिला. मला विचाराल तर डिप्लोमसीचं संगणकावरचं सगळ्यात यशस्वी रूप हेच आहे, आणि आजच्या वेबसाइट्स त्याचीच मुलंबाळं आहेत.

तरी खेळ बदललाच. तीन बदल सांगते, कारण नियमपुस्तकातलं एकही अक्षर न बदलता ते झाले.

पहिला: कोण कोणाशी बोलतंय हे टेबलावर दिसतं. फ्रान्स आणि जर्मनी बाल्कनीत वीस मिनिटं उभे होते, ही इंग्लंडसाठी मोठी बातमी असते. ऑनलाइन ही बातमीच नाहीशी होते.

दुसरा: टेबलावर हुकूम हाताने लिहितात आणि चुकीचा लिहिलेला हुकूम बाद होतो. मुरलेले खेळाडू याचा फायदा घेतात. पाठिंबा कबूल करायचा आणि प्रांताचं नाव मुद्दाम असं लिहायचं की हुकूम बाद व्हावा. नंतर म्हणायचं, अरे सॉरी, घाईत चुकलं. आता स्क्रीनवर यादीतून निवडायचं असतं आणि यादीत फक्त कायदेशीर हुकूम असतात. प्रोग्रामरने खेळाडूंची सोय केली आणि लबाडीचा एक जुना प्रकार बंद पडला.

तिसरा: टेबलावर नियम बसल्या जागी होतात. आमच्या विद्यापीठातल्या शुक्रवारच्या डावात आम्ही दोघं मराठी होतो. ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान. आम्ही कोपऱ्यात जायचे कष्ट न घेता सगळ्यांसमोर मोठ्याने मराठीत तह करायला लागलो. तिसऱ्या फेरीला बाकी पाच जणांनी एकमताने ठराव केला: टेबलावर फक्त इंग्रजी. (तोवर आम्ही बाल्कन वाटून घेतले होते.) असा ठराव करायला सॉफ्टवेअरमध्ये बटण नसतं.

दुकानातल्या आवृत्त्या

ज्यांना एकट्याने खेळायचंय त्यांच्यासाठी कंपन्यांनीही प्रयत्न केले. ॲव्हलॉन हिलने १९८४ मध्ये आयबीएम पीसीसाठी आवृत्ती काढली, १९९९ मध्ये हॅस्ब्रोने, २००५ मध्ये पॅराडॉक्सने. नकाशे उत्तरोत्तर देखणे झाले. प्रतिस्पर्धी मात्र रटाळच राहिले, आणि कारण उघड आहे. यंत्राशी बोलायचं कसं, तर मेनूतून: ‘युतीचा प्रस्ताव’, ‘अमुक प्रांतावर हल्ला करा’. यंत्र उत्तर देणार हो किंवा नाही. डिप्लोमसीत गंमत असते ती ‘हो’च्या सुरात. तो पटकन आला की रेंगाळत, सोबत कारण दिलं की नाही, पुढच्या वर्षाचं काही बोलला का.

हे नुसतं माझं मत नाही. २०१५ मध्ये कॉर्नेल आणि मेरीलँड विद्यापीठांच्या संशोधकांनी ऑनलाइन डावांतले निरोप तपासले आणि दगा होण्याआधी भाषेत काय बदलतं ते पाहिलं. मित्रांमधला तोल ढळलेला दिसला: सौजन्यात, गोडव्यात, पुढच्या योजनांबद्दल बोलण्यात. दगा देणारा आधी जास्तच गोड बोलायला लागतो. आपल्या आज्यांना हे अभ्यासाशिवाय माहीत होतं, पण आकड्यांत दिसलं हे चांगलंच.

प्रतिस्पर्धी बनवताना

बोलणं बाजूला ठेवा. नुसत्या खेळ्या तरी यंत्राला जमतात का? बुद्धिबळाच्या पहिल्या खेळीला २० पर्याय असतात. इथे पहिल्याच फेरीला २२ तुकड्या एकदम हलतात. प्रत्येकीला फक्त दहा पर्याय धरले तरी एका फेरीच्या शक्यता १ वर २२ शून्यं. सगळ्या तपासणं विसरा.

मग जे गोला लागू पडलं ते करू: यंत्राला स्वतःशीच लाखो डाव खेळू दे. दोघांच्या खेळात, जिथे माझा फायदा तोच तुमचा तोटा, हे गणिताने पक्कं आहे. स्वतःशी खेळत यंत्र समतोलाला पोचलं की त्याला कोणी सरासरीने हरवू शकत नाही. सात जणांत ही हमी उरत नाही. का, ते रस्त्यावरून सांगते. भारतात आपण डावीकडून गाडी चालवतो, इथे अमेरिकेत उजवीकडून. दोन्ही पद्धती तितक्याच चांगल्या, अट एवढीच की सगळ्यांनी एकच पाळावी. बंद मैदानात स्वतःशीच सराव करून गाडी शिकलेलं यंत्र डावी बाजू निवडेल. तिथे ते निष्णात असेल. आता त्याला न्यू जर्सीत सोडा.

फेसबुकच्या संशोधकांनी २०२१ मध्ये नेमकं हेच पाहिलं. शून्यातून, फक्त स्वतःशी खेळून शिकलेलं यंत्र दोन खेळाडूंच्या छोट्या डिप्लोमसीत माणसांना भारी पडलं. पण सात जणांच्या डावात, माणसांच्या खेळावरून शिकलेल्या सहा यंत्रांमध्ये त्याला एकटं बसवलं तर त्याला सातव्या हिश्श्याइतकंही यश मिळालं नाही. उलट, माणसासारखं खेळणारं एक यंत्र या स्वयंशिक्षित सहांमध्ये बसवलं तर त्याची दाणादाण. कोणीच कमअस्सल नव्हतं. एकमेकांचे रीतिरिवाज त्यांना ठाऊक नव्हते.

म्हणून माणसांचे डाव लागतात. २०१९ मध्ये मॉन्ट्रियलच्या गटाने दीड लाखाहून जास्त डावांवर शिकवलेलं यंत्र आणलं. त्यानंतरची यंत्रं दोन्ही गोष्टी करतात: पुढचा विचार करून चांगली खेळी शोधतात, पण माणूस जे करेल त्यापासून फार लांब गेलं तर दंड बसतो. थोडक्यात, इथे नुसतं हुशार होऊन भागत नाही, इतरांना तुमचा अंदाज यावा लागतो. मित्र तोच होऊ शकतो ज्याच्याबद्दल काही अंदाज बांधता येतो.

बोलणारं यंत्र

वाटाघाटी करणारा प्रोग्राम बनवायचे प्रयत्न जुने आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सारित क्राउस आणि डॅनियल लेहमन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटीच ‘डिप्लोमॅट’ नावाचा प्रोग्राम बांधला होता. पण तेव्हाच्या प्रोग्रामांना ठरावीक साच्यांची भाषा लागे. साधी बोली, माणसांमध्ये बसून बोलायची, ही उडी नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाच्या ‘सिसेरो’ने मारली.

सिसेरोची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यात दोन भाग आहेत. एक भाग ठरवतो: या फेरीला मी काय करणार, आणि समोरचा काय करेल तर बरं. या ठरवलेल्या खेळ्यांना तिथे ‘हेतू’ म्हणतात. दुसरा भाग भाषेचा. तो ४० हजारांहून जास्त डावांतल्या सव्वा कोटीहून अधिक निरोपांवर शिकलाय. त्याला निरोप लिहायला सांगताना हेतू सोबत दिला जातो, म्हणजे तो नुसता गोड बोलत सुटत नाही, योजनेला धरून बोलतो. मग लिहिलेल्या निरोपांना गाळण्या लावतात: असंबद्ध असेल तर टाका, आपली योजनाच शत्रूला सांगत असेल तर टाका.

ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ मध्ये तो एका ऑनलाइन लीगमध्ये नाव न सांगता ४० डाव खेळला. समोर एकूण ८२ माणसं. त्याने ५,२७७ निरोप पाठवले, गुणांची सरासरी इतरांच्या दुपटीहून जास्त आली, आणि एकाहून जास्त डाव खेळलेल्यांत तो वरच्या दहा टक्क्यांत बसला.

या बातमीवर उड्या मारण्याआधी दोन गोष्टी.

पहिली, तो नेमका कशाने जिंकला? २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने अनुभवी खेळाडूंशी सिसेरोचे डाव लावून तपासलं. त्यांना दिसलं की त्याची ताकद मुख्यतः खेळ्यांमध्ये आहे. पटवून देणं आणि फसवणं यात माणसं अजून पुढे. शिवाय त्या लीगमध्ये एका फेरीला पाच मिनिटं मिळायची. पाच मिनिटांत सहा जणांना निरोप टाइप करणं हे माणसाच्या बोटांचं काम आहे. यंत्राला बोटंच नाहीत.

दुसरी, तो खरं बोलतो का? बनवणाऱ्यांनी त्याला बहुतांशी प्रामाणिक ठेवायचा प्रयत्न केला, म्हणजे निरोप लिहिताना जो हेतू असेल तोच निरोपात यावा. पण पुढच्याच मिनिटाला नवी माहिती आली की हेतू बदलतो, आणि आधी दिलेल्या शब्दाची आठवण त्याला बांधून ठेवत नाही. ‘मी खोटं बोललो नाही, तेव्हा मला तसंच वाटत होतं’ हे वाक्य आपण कुठे कुठे ऐकलंय ते आठवा. २०२४ मध्ये काही संशोधकांनी यंत्रांच्या फसवेगिरीवर लेख लिहिला, त्यात सिसेरोचं उदाहरण ठळक होतं: आधी एकाशी कट शिजवून मग दुसऱ्याला संरक्षणाचं वचन दिलेले डाव त्यांनी दाखवले. आणि एकदा यंत्रणा काही मिनिटं बंद पडली, तेव्हा कुठे होतास असं विचारल्यावर सिसेरोने उत्तर दिलं की मी गर्लफ्रेंडशी फोनवर बोलत होतो. त्याने हे कटाने केलं नाही. अशा प्रश्नाला माणसं जे उत्तर देतात ते त्याने दिलं. माझ्या मते काळजीची गोष्ट तीच आहे: खोटं बोलायला त्याला खोटं म्हणजे काय हे माहीत असायची गरज पडली नाही.

मग पटावर काय राहिलं

डिप्लोमसीत खोटं बोलणं नियमात बसतं, त्यामुळे खेळापुरतं कोणाचं काही बिघडलं नाही. पण हेच तंत्र खेळापुरतं थांबणार नाही. तुमच्या वतीने घरभाडं ठरवणारा, विमा कंपनीशी घासाघीस करणारा, दोन ऑफिसांत मीटिंगची वेळ जुळवणारा प्रोग्राम आतून असाच असणार: एक भाग ठरवणारा, दुसरा बोलणारा. तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारायची सवय आत्तापासून लावून घ्या. समोर यंत्र आहे हे दुसऱ्या बाजूला माहीत आहे का? दिलेला शब्द कुठे नोंदला जातो, आणि तो मोडताना कोणाला विचारलं जातं? आणि दोन्ही बाजूंच्या कागदांची दोन उत्तरं निघाली तर पंच कोण?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. बोलणारं यंत्र बातमीत येतं, पंचावर कोणी लेख लिहीत नाही. पण क्रुइस्वाइक यांच्या त्या चाचणी-संचासारखं काम झालं नसतं तर सिसेरोला खेळायला भरवशाचा पटच मिळाला नसता. कोणीतरी बसून अडचणीचा एकेक प्रसंग लिहून काढला, प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि जिथे नियम गप्प आहेत तिथे ‘इथे नियम गप्प आहेत, मी असं ठरवतोय’ असं उघड सांगितलं.

तुम्हाला खेळून बघायचं असेल तर सात जण जमवा, एक अख्खा रविवार मोकळा ठेवा आणि पहिला डाव टेबलावरच खेळा. सात जमत नसतील तर वेबडिप्लोमसी ही साइट फुकट आहे. तिथे निरोप बंद ठेवून खेळायचीही सोय आहे आणि सुरुवातीला ती बरी पडते. निरोप बंद असतानाही लोक कसे बोलतात ते बघा. कोणी न मागता तुमच्या तुकडीला पाठिंबा दिला, की तो मैत्रीचा हात असतो. तो धरायचा की नाही, हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा.